विंडोजची डीव्हीडी टाकली तरी कॉम्प्युटर तिच्यावरून चालूच होत नाही? आधी हे बघा

डीव्हीडी टाकली, रिस्टार्ट मारला अन् पुन्हा तेच जुनं विंडोज उघडून राहिलं, किंवा काळ्या स्क्रीनवर नुसती पांढरी रेघ लुकलुक करून राहिली, तर लगेच डीव्हीडी खराब आहे असं ठरवू नका भाऊ, अन् नवीन ड्राइव्ह आणायला नागपूरच्या बर्डीच्या बाजारात तर बिलकुल पळू नका. आधी काम नेमकं कुठं अडलं ते पकडा. मशीन डीव्हीडीकडं बघतच नाही, की बघते पण तिला वाचता येत नाही, की सेटअप चालू होऊन मधातच थांबते? तिन्हीचे इलाज वेगवेगळे आहेत, अन् लोकं बहुतेक वेळा चुकीचाच इलाज करत बसतात.

हे ओळखायला कान लागतो. पॉवर चालू केल्यावर सुरुवातीला ड्राइव्ह एकदा डिस्क फिरवून बघतेच, तो आवाज धरू नका. कंपनीचा लोगो गेल्यावर ड्राइव्हचा लाइट पुन्हा लागला अन् डिस्क जोरात फिरली तर मशीन ती वाचायचा प्रयत्न करून राहिली आहे. लोगोनंतर एकदम शांत, लाइट नाही, अन् सरळ हार्ड डिस्कवरचं विंडोज, तर तिला डीव्हीडीवरून चालू व्हायला कोणी सांगितलंच नाही.

मग सांगायचं कसं, तर बूट मेनूतून, म्हणजे मशीन कशावरून चालू करायची ते विचारणाऱ्या यादीतून. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन बूट ऑर्डर म्हणजे चालू व्हायचा क्रम बदलता येते, पण एका वेळच्या कामासाठी बूट मेनू बरा, कारण काही बिघडत नाही. पॉवर बटण दाबल्याबरोबर की टकटक दाबत राहायची, दाबून धरायची नाही. डेल अन् लेनोव्होत बहुतेक एफ१२, एचपीत एस्केप अन् मग एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप पण त्यांच्या मदरबोर्डवर एफ८, गिगाबाइटवर एफ१२, एमएसआयवर एफ११. एसरमध्येही एफ१२ आहे, पण बऱ्याच मॉडेलवर ते आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं, अन् यातच लोकांचा अख्खा दिवस जातो. की पकडतच नसेल तर चालू विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करा, निळी स्क्रीन येते, तिथं ट्रबलशूटमधून अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये गेलं की यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज सापडते, तिथून सरळ बायोस. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, त्यामुळं साधं शटडाउन पूर्ण बंद होतच नाही, रिस्टार्ट मात्र पूर्ण होते, म्हणून प्रत्येक वेळी रिस्टार्टच करा.

मेनूत एकच ड्राइव्ह दोनदा दिसू शकते, एकीपुढं यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) लिहिलेलं अन् दुसरी साधी. विंडोज १० किंवा ११ टाकायचं असेल तर यूईएफआयवाली घ्या. चुकीची घेतली तर पुढं पार्टिशन निवडताना एमबीआर की जीपीटी (हार्ड डिस्कचे भाग मांडायच्या जुन्या अन् नव्या पद्धती) म्हणून अडवते. विंडोज ७ ची किंवा जुन्या लिनक्सची डिस्क असेल तर उलटं, सेक्युअर बूट (ओळख न पटलेल्या डिस्कवरून मशीन चालू होऊ न देणारी सोय) बंद करून सीएसएम म्हणजे जुन्या पद्धतीचा लेगसी मोड चालू करावा लागतो. पण थांबा, मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर सेक्युअर बूटला हात लावायच्या आधी रिकव्हरी की लिहून घ्या, नाही तर जुना डेटा आत कुलपातच राहील. डेटा आधी दुसऱ्या डिस्कवर काढून घेणं तर पाहिजेच, घरातले फोटो पुन्हा मिळत नाहीत.

डीव्हीडी निवडली की काळ्या स्क्रीनवर 'प्रेस एनी की' असं येतं अन् काही सेकंदांतच निघूनही जातं. तेव्हा की दाबली नाही तर पुन्हा जुनंच विंडोज. वायरलेस कीबोर्ड काही वेळा इथं जागाच होत नाही, वायरवाला लावा, तोही मागच्या पोर्टला.

आता डिस्क फिरते पण काही होत नाही, त्याचं बघू. ती डीव्हीडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. आत बूट, सोर्सेस असे फोल्डर अन् सेटअप दिसलं तर ठीक, पण नुसती एकच आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) दिसली तर ती फाइल म्हणून कॉपी झाली आहे, तिच्यावरून मशीन कधीच चालू होणार नाही. आयएसओवर राइट क्लिक करून बर्न डिस्क इमेज निवडायचं, अन् शक्यतो कमी स्पीडवर. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबीच मावते अन् आताच्या विंडोजची आयएसओ त्याहून मोठी असते, म्हणून मी तर म्हणेन ८ जीबीचा किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या अन् रुफस नावाच्या प्रोग्रामनं बनवा, डिस्कच्या फंदात पडूच नका. डाउनलोड मधातच तुटलं होतं का अशी शंका असेल तर फाइलचा एसएचए २५६ कोड, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा नंबर, काढून साइटवरच्याशी जुळवून बघा.

आपल्याकडं उन्हाळाभर कूलर चालतो त्याच खोलीत पीसी असतो, धूळ अन् ओल दोन्ही आत जाते. डिस्क मऊ कपड्यानं मधापासून कडेकडं सरळ पुसा, गोल गोल नाही. ड्राइव्ह बायोसमध्ये दिसतच नसेल तर प्लग काढून ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारी सॅटा केबल दुसरी लावून बघा, केबल काही महाग नसते. अन् तारीख दरवेळी मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल गेला आहे, तुम्ही लावलेली बूट ऑर्डरही त्याच्यासोबत उडू शकते, सेल बदला.

सेटअप मधातच अडकत असेल तर डीव्हीडीवरचे ओरखडे बघा, अन् रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून चालवा.

अन् सेटअप बरोबर चालू झालं, फाइल कॉपी झाल्या, मशीन आपोआप रिस्टार्ट झाली, की 'प्रेस एनी की' पुन्हा येईल. यावेळी कशालाच हात लावू नका, नाही तर सेटअप पहिल्यापासून चालू होते. हार्ड डिस्कवरून पुढचं काम होऊ द्या अन् डेस्कटॉप दिसल्यावरच डीव्हीडी काढा.