यारो वाढतंय पण आडवं पडतंय? या चुका टाळा

यारो (Yarrow, Achillea) या फुलझाडाला कमी पाणी चालतं, माती कशीही चालते असं ऐकून आपण ते हौसेने लावतो. पिसासारखी बारीक पानं, वर चपटे छत्रीसारखे झुपके, फार गोड दिसतं. तरी बऱ्याच बागांत ते बिघडतं आणि बहुतेक वेळा कारण एकच, आपण त्याला गरजेपेक्षा जास्त देतो.

पहिली चूक खताची. गुलाबाला घालतो तसं यारोलाही भरपूर शेणखत, वर नत्राचा डोस, मग झाड भसाभस वाढतं, दांडे लांब आणि लुळे होतात आणि ऐन फुलायच्या वेळी मधून फाकून चारी बाजूंना लोळतं. मग वाटतं झाड कमजोर आहे आणि अजून खत पडतं. प्लीज असं करू नका, हे झाड हलक्या, निकस मातीतच ताठ उभं राहतं. आत्ता पडलं असेल तर काठीचा आधार द्या, खत बंद करा आणि पुढच्या सीझनला कळ्या दिसायच्या आधीच दांडे साधारण निम्म्यावर छाटा. फुलं थोडी उशिरा येतात पण झाड बुटकं आणि भरगच्च राहतं. आणि ऊन बघा, रोज किमान ६ तास थेट ऊन नसेल तर छाटूनही ते वाकणारच.

पाण्याचं दोन्ही बाजूंनी चुकतं. दुष्काळात टिकतं हे खरं, पण मुळं खोल गेल्यावर. नवीन रोपाला पहिला सीझनभर नियमित पाणी लागतंच, ते दिलं नाही म्हणून कितीतरी रोपं जातात. उलट रुजलेल्या झाडाला रोज पाणी घातलं की मुळं कुजतात, आणि गंमत म्हणजे कुजलेलं झाडही तहानलेल्यासारखंच मान टाकतं. बोट दोन इंच मातीत घालून बघा, ओल लागली आणि तरी पानं मलूल, बुंधा मऊ काळपट असेल तर ती तहान नाहीये, पाणी थांबवा. माती चिकट असेल तर उंच वाफ्यात लावा, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका.

पानांवर पांढरी पावडर दिसली तर ती भुरी, दाटीमुळे होते. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवा, खराब पानं काढून टाका, पाणी बुंध्याशी द्या. लाल फुलं काही दिवसांनी फिकट पडतात तो मात्र रोग नाही, कडक उन्हात तसं होतंच.

बी मातीत खोल पुरू नका, त्याला उगवायला उजेड लागतो, नुसतं वर टाकून हलकेच दाबा.

हे जमिनीखालच्या खोडांनी पसरतं त्यामुळे नाजूक रोपांच्या शेजारी नको. दोन-तीन वर्षांनी मधला भाग ओका पडला तर अख्खा गड्डा उपटून कडेचे ताजे तुकडे परत लावा, मधला जून, लाकडासारखा झालेला भाग फेकून द्या. सुकलेले झुपके वेळेवर कापले तर परत फुलं येतात आणि बी पडून नको तिथे रोपं उगवत नाहीत.

आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर त्यांना हे खाऊ देऊ नका, त्यांच्यासाठी विषारी आहे. शेवंती-झेंडूच्या कुळातलं असल्याने काहींना अंगावर खाज येते, छाटताना हातमोजे घाला.