‘मी बोलते’ : मुलीने पहिला व्हर्स कसा लिहावा

मी पाठ केलेला पहिला रॅप एका मुलाचा होता. त्यात एक ओळ ‘फोटो’वर संपायची आणि पुढची ‘घेतो’वर. मी ‘घेते’ म्हटलं की यमक तुटायचं, म्हणून दोन दिवस मी ‘घेतो’च म्हणत राहिले. आमची अंबरनाथची खोली लहान. आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती, तिथूनच म्हणाली, “अगं, घेतो काय? तू घेतेस ना?”

तिथून माझं लिहिणं सुरू झालं. मराठीत ‘मी’च्या मागून क्रियापद येतं आणि बोलणारी कोण ते सांगून टाकतं. त्यामुळे मुलांचे साचे आपल्याला जसेच्या तसे बसत नाहीत, आणि बसवायला जाऊही नये. पहिला नियम हाच : घरात भांडताना तुझ्या तोंडून जे क्रियापद निघतं, त्यातच लिही. माझी आत्या कोल्हापूरची, ती ‘मी जातो’ म्हणते. ती रॅप लिहायला बसली तर तिने ‘जातो’च लिहावं, ती तिची बोली आहे.

लिहायच्या आधी महिनाभर नुसतं ऐक. आणि फक्त रॅप ऐकू नकोस. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. एक ओळ, खुंट्याला जोर, मुठीने दाणे टाकायचे, दुसरी ओळ. सासूचं गाऱ्हाणं, भावाची वाट, पंढरपूर, सगळं त्या दोन ओळींत यायचं. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्यांच्या वेबसाइटवर त्यातल्या कितीतरी बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. ऐकताना दगडाची घरघर बीटसारखी धर आणि बाई श्वास कुठे घेते ते बघ. गायिका कडुबाई खरातांची भीमगीतंही ऐक. हातात एकतारी आणि मोकळा सुटलेला गळा. आवाज जाड न करता माणसांना जागेवर कसं बसवायचं, हे मला त्यांच्याकडून कळलं.

मग न्यूयॉर्ककडे वळ. रॅप ज्याचा भाग आहे त्या हिपहॉपचा जन्म 11 ऑगस्ट 1973 चा मानतात. ब्राँक्समध्ये 1520, सेजविक ॲव्हेन्यू इथे पार्टी झाली आणि डीजे कूल हर्कने रेकॉर्ड वाजवल्या. पण पार्टी ठरवली त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. तिकीट मुलींना 25 सेंट, मुलांना 50. “हिपहॉपमध्ये मुली उशिरा आल्या,” असं कुणी म्हणालं की मी ही तारीख सांगते. तिकडची रॅपर एमसी लाइट, तिचा 1988 चा अल्बमही ऐक. शब्द इतके स्वच्छ, की इंग्रजी अर्धवट येत असलं तरी ती काय म्हणते ते कळतं. आपल्याकडे कल्याणमध्ये वाढलेली रॅपर डी एमसी आहे, मुंबईचा बायकांचा रॅप ग्रुप ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ आहे. त्यांना पाहिल्यावर माझ्या आईला मी नेमकं काय करू पाहते ते समजलं. त्याआधी माझं दहा वेळा समजावून झालं होतं.

आता वही घे. यूट्यूबवर 90 बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला 90 ठोक्यांचा, साधा बूम-बॅप (जुन्या धाटणीचा ढोबळ ड्रमचा) बीट शोध. एक व्हर्स म्हणजे साधारण सोळा बार, आणि एक बार म्हणजे चार ठोक्यांची एक ओळ. या वेगाला सोळा बार साधारण 43 सेकंदांत संपतात. एवढीच जागा आहे, त्यामुळे आख्खं आयुष्य कोंबू नकोस, एक दिवस घे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सॅम्पल काढते, म्हणून मी माझी सकाळ घेतली. आधी फक्त नामं लिहिली : पट्टा, नळी, कापूस, डबा, लोकल, पोळी, नस. क्रियापदं नंतर. हे महत्त्वाचं आहे, कारण मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं आणि यमक फुकटात मिळतं. माझ्या पहिल्या वहीत असं आहे :

मी रोज लढते, मी पुढे चढते,
मी कोणाला नाही घाबरते.

यात मी कुठेच नाही. हे कोणीही लिहिलं असतं. नामांवरून लिहिलं तेव्हा असं झालं :

सहाची लोकल, डब्यात पोळी,
दंडाला पट्टा, नस लागते कोवळी,
सुई मी धरते, हात हलत नाही,
रिपोर्टवर असते दुसऱ्याची सही.

‘नाही’ला ‘सही’ पूर्ण जुळत नाही, चालतं. कानाला जुळलं की पुरे. प्रत्येक ओळ टाळी देत म्हण, चौथ्या टाळीवर ओळ संपली पाहिजे. जिथे दम लागतो तिथे पेन्सिलने टिंब दे. टिंबाच्या जागी शब्द असेल तर शब्द काढ, श्वास राहू दे. मी हा सराव सकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात करते, ओठातल्या ओठात. शेजारी बायका मेथी निवडत असतात. एकदा एकीने विचारलं, “काय पुटपुटतेस गं, स्तोत्र का?” मी तिला चार ओळी म्हणून दाखवल्या. तिने जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, “परत म्हण.”

आवाजाबद्दल दोन शब्द. रॅप म्हटलं की मुली आवाज खाली ओढतात, घशातून बोलतात. आठव्या बारला घसा बसतो. आईला दुसऱ्या मजल्यावरून हाक मारतेस तो तुझा आवाज, पोटातून येणारा. तोच वापर. रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. कपाटाचं दार उघड, आतल्या कपड्यांकडे तोंड कर, पाठीमागे गोधडी टांग, फोन तोंडापासून वीतभर लांब धर. रेकॉर्डिंगचं बँडलॅब ॲप फुकट आहे.

सायफरला, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप म्हणतात तिथे, पहिल्यांदा जाताना मैत्रिणीला घेऊन जा आणि परतीची गाडी आधी बघून ठेव. घोळक्याच्या बाहेर उभी राहू नकोस, आतल्या कड्यात उभी राहा, नाहीतर तुझी पाळी येतच नाही. माईकची जाळी मुठीत झाकू नकोस. मुलं झाकतात, ते व्हिडिओत भारी दिसतं, पण आवाज घुसमटतो आणि स्पीकर शिट्टी मारतो. साउंडचेकला लाजून हळू बोललीस तर साउंडवाला गेन, म्हणजे माईकचा जोर, वाढवून ठेवेल आणि खऱ्या वेळी आवाज फाटेल. तिथेही पूर्ण ताकदीने म्हण.

बॅटलमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या रॅपच्या सामन्यात, आई-बहीण निघेल. माझी निघाली आहे, आणि मला ते लागलं. उलट त्याची बहीण काढायची नाही, ती बिचारी तिथे नाहीच. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे शाहीर शक्ती मोठी की शिव मोठा यावर भिडायचे आणि ज्याला सवालाचा जवाब सुचला नाही तो हरायचा. तसंच कर. त्याने आत्ता म्हटलेला एक शब्द उचल आणि तिथून उत्तर दे. 1984 साली न्यूयॉर्कची रॅपर रोक्झॅन शांटे चौदा वर्षांची होती. पुरुषांच्या एका गाण्यात ज्या मुलीवर तक्रार होती, त्याच मुलीच्या नावाने तिने जवाब दिला आणि त्यावरून उत्तरांच्या गाण्यांची रांगच लागली.

पुढे बोलावणी येतील. बरीचशी मार्चमध्ये, महिला दिनाला. जा, पण तिथेच ऑक्टोबरची तारीख मागून घे. “हुक गा ना, तुझा आवाज गोड आहे,” असं प्रोड्युसर म्हणेल. हुक म्हणजे गाण्यात परत परत येणारं धृपद. आधी सोळा बार, मग हुक, असं सांग. मी एकदा नुसती हुक गाऊन आले. गाणं आलं तेव्हा माझं नाव कुठेच नव्हतं.

लॅबच्या रिपोर्टवर डॉक्टरांची सही असते ते बरोबरच आहे, ती जबाबदारी त्यांची. गाण्याचं तसं नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी व्हॉट्सॲपवर लिहून घे : शब्द कोणाचे, आवाज कोणाचा, वाटा किती. ‘फ्री’ लिहिलेला बीट बहुतेक वेळा फक्त बिनकमाईच्या वापरासाठी असतो, खालची अट वाच, कमवायचं असेल तर लीज, म्हणजे पैसे देऊन वापराचा परवाना, घे. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क त्याला स्वतःलाही विकून टाकता येत नाही. त्यामुळे “सगळे हक्क आमचे” असं छापलेला कागद समोर आला तरी घाबरू नकोस. घरी आण, मोठ्याने वाच, मग ठरव. गाणं बाहेर आलं की आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, गीतकार म्हणून नोंद कर. फॉर्मवर कागदपत्रांवरचं नाव लिही, त्याच्या शेजारी तुझं रॅपचं नावही लिही.