बाळ लहान असताना कॉमिक: आधी अक्षरं, मग चित्र

घरात तान्हं बाळ आहे आणि सहा चौकटींचं एक पान महिनाभर संपत नाही, म्हणून स्वतःला आळशी म्हणून घेऊ नका. तान्हं बाळ दिवसाला ८ ते १२ वेळा पितं. ढेकर, लंगोट, रडणं हे सगळं वजा केलं की हातात २० ते ४० मिनिटांचे तुकडे उरतात. रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. तोवर नवं पान सुरूच करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. हाताची सवय अशी जात नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी असेल आणि तुम्ही बाप असाल, तर तो सव्वा महिना चित्र काढण्यात घालवू नका. संवाद लिहून संपवा. पुढचं वर्षभर तीच शिदोरी आहे. आई असाल तर हे लिखाण सातव्या-आठव्या महिन्यातच उरकून ठेवा.

आता मुख्य खड्डा. यात बहुतेक नवे चित्रकार पडतात, आणि बाळ असलेल्याला तर तो फारच महाग पडतो.

दमलेला माणूस आवडीचं काम आधी उचलतो. चेहरे रेखाटतो, हात काढतो, मागे सोलापूरच्या नवी पेठेतली गर्दी भरतो, शाईही मारतो. संवादासाठी अंदाजानं गोल फुगे सोडतो आणि म्हणतो, मजकूर शेवटी टाकू. तीन रात्रींनी मजकूर टाकायला बसलं की तो मावत नाही. अक्षर बारीक केलं तर वाचता येत नाही, फुगा वाढवला तर पात्राचं कपाळ झाकतं. मग ती चौकट पुन्हा काढायची. पुन्हा काढलेली एक चौकट म्हणजे बाळाच्या दोन झोपा गेल्या. अशा तीन चौकटी झाल्या की पान कपाटात जातं ते जातंच.

असं का होतं ते नीट समजून घ्या. कॉमिक शिकवणारी बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ इंग्रजी अक्षरांवर बेतलेले असतात. तिथे सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली, एका उंचीची, म्हणून ओळी एकमेकींना चिकटून बसतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीतला 'कू' खालच्या ओळीतल्या 'र्कें'वर चढतो. शिवाय आपले शब्द प्रत्ययांनी लांबतात. 'दवाखान्यातल्यांनासुद्धा' हा एकच शब्द आहे आणि तो मधेच तोडला तर वाचणारा अडखळतो. इंग्रजीत शोभणारा अरुंद, उभा फुगा म्हणूनच मराठीला जमत नाही. आपला फुगा रुंद आणि आडवा हवा, आणि त्याची जागा चौकट आखतानाच ठरायला हवी.

मापं सांगतो. मूळ पान ए४ आणि छपाई ए५ धरली तर चित्र सुमारे ७१ टक्के होतं. हातानं अक्षरं लिहीत असाल तर शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत ४ मिमी आणि एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत ८ मिमी ठेवा. फाँट वापरत असाल तर मूळ मापाला १४ पॉइंट घ्या, छापल्यावर ते जवळपास १० होतात. ओळींचं अंतर दीडपट, म्हणजे २१ पॉइंट. एका फुग्यात १५ ते २० शब्द, अख्ख्या पानावर ८०-९० च्या आत. त्यापेक्षा जास्त होत असेल तर दोष संवादाचा आहे, तो कापा.

क्रम असा ठेवा. संवाद फोनवर टाइप करा, खऱ्या मापात एका कागदावर छापून आणा आणि कात्रीनं प्रत्येक संवादाची वेगळी पट्टी करा. ए४ कागदावर पेन्सिलीनं फक्त चौकटी आखा. पट्ट्या चौकटींत ठेवून सरकवत बसा, आधी बोलणारा डावीकडे आणि थोडा वर. पट्टीभोवती चारी बाजूंनी ४-५ मिमी मोकळं सोडून फुगा आखा, शेपूट तोंडाच्या दिशेनं. उरलेल्या जागेत माणसं बसवा. पट्टी हलवायला दहा सेकंद लागतात, शाई मारलेलं डोकं हलवायला रात्र लागते.

फाँट युनिकोडच घ्या. मुक्ता आणि बालू मोफत मिळतात आणि वाचायला स्वच्छ आहेत. जुन्या कृतिदेवसारख्या फाँटमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हं दिसतात. फाँट ठरवण्याआधी 'दऱ्या', 'कुत्र्यांनी', 'शाळेतल्या' एवढं लिहून बघा. 'ऱ्य' फुटतो का, 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात का, ते लगेच कळतं. आपल्या सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी ऐकू येते. पात्राच्या तोंडी 'काय बे' जरूर येऊ द्या. तेलुगू वाक्य देवनागरीत लिहिणार असाल तर ते तीन-चार शब्दांचं ठेवा आणि अर्थ चेहऱ्यावरून कळू द्या, तळटीप नको.

काम हातांप्रमाणे वाटा. बाळ खांद्यावर असताना एक हात मोकळा असतो, तेव्हा फोनला बोलून संवाद टाइप होतात. झोळीची दोरी ओढताना दुसऱ्या हातानं काडेपेटीएवढे कच्चे आराखडे जमतात, त्यापुढे काही नाही, रेघ हलते. बाळ घेऊन सोफ्यावर रेलून काम मात्र करू नका. तुमचा डोळा लागला तर बाळाचं नाक उशीत किंवा फटीत दबू शकतं. झोपलेलं बाळ सपाट, घट्ट अंथरुणावर, पाठीवर.

शाई हे ओलं काम, ते मधेच सोडता येत नाही. मालिश-अंघोळीनंतर बाळ गाढ झोपतं, तो वेळ शाईला द्या. पाणी येण्याच्या दिवशी तोही नाही, आधी टाक्या भरा. एप्रिल-मेच्या दुपारी पंख्याखाली टाकाच्या निबावर शाई सुकते, आणि कूलरसमोर कागद ओल धरून रेघ पसरते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे बसा. वर्षभर टाक-कुंचला बाजूला ठेवा, असं माझं ठाम मत आहे. ०.३, ०.५ आणि ०.८ चे पिगमेंट शाईचे पेन घ्या. रडणं ऐकू आलं की टोपण लावून उठता येतं. कुंचल्यात वॉटरप्रूफ शाई सुकली तर तो संपला, आणि तीच शाई फाउंटन पेनात भरली तर पेनही संपलं. पेन्सिल खोडायचं काम त्याच बैठकीत करू नका, पुढच्या झोपेला करा.

बाळ रांगायला लागायच्या आधीच, म्हणजे सहाव्या महिन्यापासून, कटर, निब आणि बटण सेल कुलुपात गेले पाहिजेत. बटण सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक दवाखाना, वाट बघायची नाही. फिक्सेटिव्हचा, म्हणजे पेन्सिलीचं चित्र पुसू नये म्हणून मारायचा फवारा बाळाच्या खोलीत कधीच नको.

रोज एक चित्र टाकायची आव्हानं या वर्षी सोडा. लसीकरण ६, १० आणि १४ आठवड्यांना असतं, त्या रात्री ताप येऊ शकतो आणि मोडलेला नेम उगीच मनाला खात बसतो. पैसे भरून शेडिंगचा कोर्स करण्याचीही घाई नको. शिकवणारे पुष्कळदा शरीररचना तपासतात, संवाद वाचतच नाहीत. कॉमिक न वाचणाऱ्या घरातल्या कुणाला तरी पान द्या आणि मोठ्यानं वाचायला सांगा. जिथे क्रम चुकतो किंवा वाक्य दोनदा वाचलं जातं, तिथे फुगा सरकवा. पंधरा दिवसांत एक पान झालं तर तो चांगला वेग आहे.

पान झालं की फोननं फोटो काढू नका, कडा वाकतात. स्कॅनरवर ६०० डीपीआय (एका इंचात ६०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये, म्हणजे राखाडी छटांसह घ्या. दुकानात मजकुराच्या कागदांसाठीची काळी-पांढरी सेटिंग लावतात, त्यात बारीक मात्रा तुटतात. व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायचं झालं तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून मागा. पूर्ण ए४ ची फाइल ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेलच्या आसपास भरली पाहिजे. कमी असेल तर तिथून निघण्याआधीच पुन्हा काढून घ्या, घरात बाळ असताना दुसरी खेप घडायला आठवडा जातो.