चवळीच्या दाण्यांवर उत्क्रांती मोजण्याची रीत

समष्टीतील, म्हणजे एकाच जातीच्या जीवांच्या समूहातील, जनुकांच्या रूपांचे प्रमाण पिढ्यानुपिढ्या कसे बदलते हे पाहण्यासाठी दादरच्या कोणत्याही वाण्याकडे मिळणारी लाल व पांढरी चवळी, एक कापडी पिशवी आणि वही एवढेच साहित्य पुरते. दाणे मात्र सारख्याच आकाराचे निवडावेत. मी प्रथम राजमा आणि वाटाणे घेतले होते, पण बोटांना मोठा दाणा आपोआप सापडू लागल्याने सगळी मोजणी वाया गेली.

पिशवीत दोन्ही रंगांचे 50-50 दाणे घालावेत. दाणा म्हणजे जनुकाचे एक रूप, आणि लागोपाठ निघालेल्या दोन दाण्यांची जोडी म्हणजे एक जीव. न पाहता दाणा काढून रंग नोंदवावा, दाणा परत टाकून पिशवी हलवावी, आणि असे 20 वेळा करावे. लाल 12 निघाले, तर पुढच्या पिढीसाठी 60 लाल व 40 पांढरे ठेवावेत. कोणताही रंग सरस नसताना, सरासरी 28 पिढ्यांच्या आसपास, एक रंग निव्वळ योगायोगाने नाहीसा होतो. हेच जनुकीय विचलन. दर पिढीला 200 दाणे काढल्यास हेलकावे बरेच लहान होतात, पण त्याला एक रविवार पुरत नाही.

आता निवड. पांढरे रूप अप्रभावी, म्हणजे लाल सोबत असताना झाकले जाणारे, मानून दोन्ही दाणे पांढरे असलेली जोडी बाद करावी आणि उरलेल्यांच्या प्रमाणात पिशवी भरावी. योगायोग वगळला, तर पांढऱ्याचे प्रमाण 1/2 वरून 1/3, 1/4, 1/5 असे उतरते. पुढे ते इतके रखडते की 1/100 वरून 1/200 वर यायला 100 पिढ्या लागतात, कारण दुर्मीळ रूप मिश्र जोड्यांत लपून राहते.

डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी 1952 मध्ये मुंबईत नोंदवलेला बॉम्बे रक्तगट असाच अप्रभावी आहे, आणि या गटाच्या व्यक्तींना ओ गटाचे रक्तही चालत नाही. भारतात अशा व्यक्तींचे प्रमाण साधारण 10,000 मध्ये एक धरतात. हार्डी-वाइनबर्ग नियमाने, म्हणजे जोड्या स्वैर जुळल्यास दोन्ही रूपे अप्रभावी असलेल्यांचे प्रमाण हा त्या रूपाच्या प्रमाणाचा वर्ग असतो या नियमाने, त्या रूपाचे प्रमाण वर्गमूळाइतके, 1/100. मिश्र जोडी दोन प्रकारे जुळत असल्याने याच्या दुप्पट, म्हणजे 50 माणसांमागे जवळपास एक वाहक (एकच अप्रभावी रूप असलेली व्यक्ती).

हा हिशेब जोड्या स्वैर जुळतात असे धरतो. जातीत व नात्यात लग्ने होतात तिथे वाहक याहून कमी असतात. ताळा पाहण्यासाठी एका पिशवीत 80 लाल व 20 पांढरे, दुसरीत याच्या उलट दाणे ठेवून जोड्या त्या त्या पिशवीतूनच सारख्या संख्येने काढाव्यात: पांढऱ्या जोड्या, सगळे दाणे एकाच पिशवीत असताना येणाऱ्या 25 ऐवजी, 34 टक्क्यांच्या आसपास येतील.