जगप्रदक्षिणेचं विमान तिकीट: आधी व्हिसाचा क्रम, मग नकाशा

पृथ्वीला पूर्ण वळसा घालून पुन्हा भारतात आणणारं एकच तिकीट विमान कंपन्यांचे गट विकतात. त्याला बोलीभाषेत ‘राउंड द वर्ल्ड’ किंवा नुसतं ‘आरटीडब्ल्यू’ म्हणतात. बहुतेक जण सुरुवात नकाशापासून करतात. भारतीय पासपोर्टवर निघणाऱ्याने ती व्हिसापासून करावी. एका तिकिटात सहा-सात देश येतात, प्रत्येकाचा व्हिसा वेगवेगळ्या मुदतीचा असतो आणि त्या त्या देशात पोहोचाल तेव्हा तो चालू असावा लागतो. हे गणित सुटलं की विमानं लावणं सोपं होतं.

दोन पद्धतीची तिकिटं

स्टार अलायन्स या गटाचं तिकीट मैलांवर चालतं. २६,०००, २९,०००, ३४,००० आणि ३९,००० मैल असे टप्पे असतात आणि भाडं त्या टप्प्यानुसार ठरतं. एअर इंडिया २०१४ पासून या गटात आहे. सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा, टर्किश, युनायटेड आणि जपानची एएनए हेही त्यात आहेत, त्यामुळे मुंबईहून निघणाऱ्याला सोय चांगली आहे.

वनवर्ल्ड या दुसऱ्या गटाचं ‘एक्सप्लोरर’ तिकीट खंडांवर चालतं. ३ ते ६ खंड निवडायचे. एका खंडात साधारण ४ उड्डाणं, उत्तर अमेरिकेत ६. मैल मोजायचे नसल्याने दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया असे लांबचे पल्ले असतील तर हे तिकीट सहसा जास्त फायद्याचं ठरतं. कॅथे पॅसिफिक, कतार एअरवेज, ब्रिटिश एअरवेज, जपान एअरलाइन्स, क्वांटास, श्रीलंकन, मलेशिया एअरलाइन्स आणि २०२५ पासून फिजी एअरवेज या गटात आहेत.

दोन्ही तिकिटांचे मूळ नियम सारखेच आहेत. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, एकाच दिशेने पुढे जायचं. अटलांटिक एकदा आणि पॅसिफिक एकदाच ओलांडायचा. जास्तीत जास्त १६ उड्डाणं आणि पहिल्या उड्डाणापासून एक वर्षाची मुदत. ज्या देशातून निघालात त्याच देशात परत यायचं, पण तेच शहर असण्याची सक्ती नाही. मुंबईहून निघून बंगळुरूला उतरलं तरी चालतं. पुणेकरांनी पुणे-दिल्ली असं एक उड्डाण तिकिटात घालू नये. रस्त्याने मुंबई गाठली की एक उड्डाण आणि काही मैल वाचतात.

‘थांबा’ म्हणजे एका शहरात २४ तासांहून जास्त मुक्काम. त्याच्या आत पुढचं विमान धरलं तर तो फक्त विमानबदल असतो. २२-२३ तासांचा विमानबदल आखला तर शहर एक दिवस बघून होतं आणि थांब्यांच्या हिशोबात ते येतही नाही. मात्र प्रत्येक विमानबदलाने उड्डाणांची संख्या एकने वाढते. मुंबई-फ्रँकफर्ट-लिस्बन ही दोन उड्डाणं झाली.

हे तिकीट घ्यावं का, याचं उत्तर सरसकट हो नाही. इकॉनॉमीत उत्तर गोलार्धातच तीन-चार शहरं करायची असतील तर सुटी एकेरी तिकिटं बऱ्याचदा स्वस्त पडतात. बिझनेस क्लास, सहाहून जास्त शहरं किंवा दक्षिण गोलार्ध असेल तर आरटीडब्ल्यू पुढे जातं. तुलना करताना दोन्हीकडचे कर, इंधन अधिभार, सामानाचे पैसे आणि तारीख बदलण्याचा खर्च धरा. सुट्या तिकिटांत तारीख बदलायला दर वेळी पैसे जातात. आरटीडब्ल्यूमध्ये नुसती तारीख किंवा वेळ बदलायला सहसा शुल्क नसतं, मार्ग बदलायला असतं.

व्हिसाचं कॅलेंडर

एका कागदावर देश लिहा आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी मांडा: अर्ज किती आधी करता येतो, व्हिसा मिळाल्यावर किती दिवसांत वापरावा लागतो, आणि पासपोर्ट जमा करावा लागतो का.

अमेरिकेचा बी१/बी२ (व्यवसाय-पर्यटन भेटीचा) व्हिसा भारतीयांना सहसा १० वर्षांचा मिळतो. मुलाखतीची तारीख मिळायला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून तो सगळ्यात आधी काढायचा. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून बाहेर यावंच लागतं. व्हिसाशिवाय तिथून पुढे जाण्याची सोय नाही. पॅसिफिक आणि अटलांटिक ओलांडणारी बरीचशी सोयीची उड्डाणं अमेरिकेतूनच जातात, त्यामुळे हा व्हिसा नसेल तर आराखडाच बदलतो. हाच चालू व्हिसा पुढेही उपयोगी पडतो. मेक्सिकोत त्यावर वेगळा व्हिसा लागत नाही, पेरूत तो पुरेशा मुदतीचा असेल तर प्रवेश मिळतो आणि तुर्कस्तानचा ई-व्हिसा त्याच्या आधारावर निघतो.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो, आणि तो राहत्या देशातूनच करावा लागतो. म्हणजे मुंबई सोडल्यावर सात-आठ महिन्यांनी युरोपात पोहोचणार असाल तर निघण्यापूर्वी अर्ज करता येत नाही आणि वाटेत करायला गेलात तर बहुतेक ठिकाणी नाकारतात. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. दिवस समान असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमाही लागतो.

जपानचा एकदा प्रवेशाचा पर्यटन व्हिसा जारी झाल्यापासून ३ महिन्यांत वापरायचा असतो. ऑस्ट्रेलियाचा सबक्लास ६०० हा पर्यटक व्हिसा ऑनलाइन निघतो, पासपोर्टवर चिकटत नाही, त्यामुळे दुसऱ्या अर्जाच्या काळातही तो काढता येतो. सिंगापूरचा ई-व्हिसा अधिकृत एजंटांकडून मिळतो.

आता या मुदती शेजारी ठेवून बघा. पश्चिमेकडे निघालात तर युरोप सुरुवातीला येतो आणि जपान शेवटी. जपानला ३ महिन्यांच्या आत पोहोचण्यासाठी अख्ख्या सहलीची घाई करावी लागते. पूर्वेकडे निघालात तर जपान पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच होतं आणि युरोप शेवटी असला तरी ६ महिन्यांच्या मुदतीत बसतो. म्हणून दोन ते चार महिन्यांच्या सहलीला भारतीय पासपोर्टवर पूर्व दिशाच घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. पश्चिमेकडे जाताना शरीराला वेळेचा फरक कमी जाणवतो हे खरं, पण व्हिसाच्या अडचणीपुढे तो मुद्दा लहान आहे.

पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी जमा असतो, म्हणून क्रम असा ठेवा: अमेरिका, मग शेंगेन, आणि शेवटी जपान. पासपोर्ट सहल संपल्यानंतरही किमान ६ महिने चालू हवा. कोरी पानं कमी असतील तर आधीच नवा काढा आणि अर्जात ३६ ऐवजी ६० पानांचा मागा.

मैलांचा हिशोब, एका मार्गावर

स्टार अलायन्सवर हा मार्ग घेऊ: मुंबई-सिंगापूर सुमारे २,४३० मैल, सिंगापूर-टोकियो ३,३३०, टोकियो-सॅन फ्रान्सिस्को ५,१२०, तिथून न्यूयॉर्कजवळचं नेवार्क २,५६५, नेवार्क-लिस्बन ३,३८०, लिस्बन-फ्रँकफर्ट १,१६५, फ्रँकफर्ट-मुंबई ४,०८५. बेरीज सुमारे २२,१०० मैल. म्हणजे २६,००० च्या टप्प्यात जवळजवळ ३,९०० मैल शिल्लक.

आता सिडनी घालायचं ठरवलं. सिंगापूर-सिडनी ३,९०० आणि सिडनी-टोकियो ४,८६० मैल. मूळचे ३,३३० वजा केले तरी ५,४०० हून जास्त मैल वाढतात, बेरीज २७,५०० च्या पुढे जाते आणि तिकीट २९,००० च्या टप्प्यात चढतं. याउलट फ्रँकफर्टहून येताना इस्तंबूल घातलं तर जेमतेम शंभरेक मैल वाढतात. जे शहर मार्गाच्या रेषेवर आहे ते जवळजवळ फुकट मिळतं. जे रेषेबाहेर आहे त्याची किंमत हजारो मैलांत मोजावी लागते. ‘ग्रेट सर्कल मॅपर’ या संकेतस्थळावर विमानतळांचे कोड टाकले की अंतर आणि रेषा दोन्ही दिसतात. तिकिटाला हात लावण्यापूर्वी तिथे पाच-सहा पर्याय काढून पाहा.

सगळ्यात खालच्या टप्प्याला थांब्यांची मर्यादाही कडक असते. ती ओलांडली की संकेतस्थळावरचं बुकिंगचं टूल पुढे जाऊ देत नाही. अशा वेळी फ्रँकफर्टचा मुक्काम काढून तिथे २४ तासांच्या आतला विमानबदल ठेवा, किंवा लिस्बनहून थेट इस्तंबूल गाठा.

वनवर्ल्डमध्ये मुंबईकर हमखास एका जागी अडकतो: दोहा. या तिकिटात दोहा ‘युरोप-मध्यपूर्व’ या खंडात धरलं जातं. मुंबईहून कतार एअरवेजने दोहा आणि तिथून हाँगकाँग असं पूर्वेकडे निघालात, तर तुम्ही आधी पश्चिमेच्या खंडात जाऊन परत आशियात आलात असा अर्थ होतो आणि नियम मोडतो. पूर्वेकडे निघताना हाँगकाँग, क्वालालंपूर किंवा कोलंबोमार्गे जा, आणि कतार एअरवेज परतीच्या शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. दोन शहरांमधलं अंतर स्वतः रेल्वेने किंवा बसने कापलं, तरी या तिकिटात तो तुकडा १६ मधला एक म्हणून मोजला जातो.

हंगामाचंही बघा. वरचा मार्ग मार्चच्या शेवटी सुरू केला तर टोकियोत चेरीचा बहर मिळतो. एप्रिलच्या अखेरीपासून जपानात ‘गोल्डन वीक’ची गर्दी होते, त्याआधी तिथून निघालेलं बरं. मग मे महिन्यात अमेरिका आणि जूनमध्ये पोर्तुगाल येतं.

बुकिंग

दोन्ही गटांच्या संकेतस्थळांवर स्वतंत्र आरटीडब्ल्यू टूल आहे. आधी शहरं भरा, मार्ग नियमात बसतो का ते पाहा, मग तारखा. वेगवेगळ्या दिवशी एक-दोनदा भाडं काढून कर वेगळे लिहून ठेवा. कर आणि अधिभार कंपनीनुसार बदलतात, त्यामुळे त्याच मार्गावर दुसऱ्या सदस्य कंपनीचं विमान घेतल्याने एकूण रक्कम खाली येऊ शकते. लांबच्या प्रवासाला ब्रिटनमधून निघणं महाग पडतं, कारण तिथला प्रवासी कर अंतरानुसार चढतो आणि वरच्या वर्गाला दुपटीहून जास्त असतो. लंडनला उतरून पुढचं विमान डब्लिन किंवा पॅरिसहून धरलं की तो टाळता येतो. भारतात इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी आहे, वरच्या वर्गांवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के.

भाडं निघण्याच्या देशावरही ठरतं. म्हणून तोच मार्ग मुंबईऐवजी कोलंबोहून सुरू केला तर किती पडतो हे पाहण्यासारखं असतं. कॅलिफोर्नियात किंवा सिंगापुरात राहणाऱ्यांनी तिथून आणि भारतातून, दोन्ही भाडी काढावीत.

विमान कंपनीच्या साइटवर जागा दिसते पण टूल ‘नाही’ म्हणतं, असं वारंवार होतं. आरटीडब्ल्यूला ठरावीक बुकिंग वर्गातल्याच (एका अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या भाडेगटातल्याच) जागा मिळतात. वनवर्ल्डमध्ये इकॉनॉमीला एल आणि बिझनेसला डी. विमान अर्धं रिकामं असूनही त्या वर्गातल्या जागा संपलेल्या असू शकतात. एक दिवस मागेपुढे करा किंवा त्याच शहराला जाणारी दुसरी सदस्य कंपनी बघा. सर्वांत आधी पॅसिफिक ओलांडणारं उड्डाण पक्कं करा, कारण पर्याय तिथेच कमी असतात. बाकीच्या तारखा त्याभोवती लावा.

विमानांची वेळापत्रकं साधारण ११ महिने आधी खुली होतात. तुमचं शेवटचं उड्डाण त्यापलीकडे असेल तर उपलब्ध असलेली शेवटची तारीख टाकून तिकीट काढा आणि पुढे वेळापत्रक खुलं झालं की तारीख सरकवा.

टूल वारंवार अडलं तर फोनवर किंवा आयाटा (विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) मान्यताप्राप्त एजंटकडे जा. जाताना उड्डाण क्रमांक, तारीख आणि बुकिंग वर्ग यांचा पूर्ण तक्ता लिहून न्या. मोघम ‘जपान-अमेरिका-युरोप’ सांगितलं तर एजंट स्वतःच्या सोयीचा मार्ग देतो. तिकीट ज्या कंपनीने दिलं, पुढचे बदल तीच करते. म्हणून रात्री-अपरात्री फोन उचलणारी कंपनी असलेली बरी.

तिकीट हातात आल्यावर

एका ई-तिकिट क्रमांकात चारच उड्डाणं बसतात. सात उड्डाणांच्या तिकिटाला सलग दोन क्रमांक असले पाहिजेत. एकच दिसत असेल तर लगेच विचारा. प्रत्येक विमान कंपनीचा स्वतःचा पीएनआर वेगळा असतो. ते सगळे मागून घ्या, कारण आसन निवडणं आणि चेक-इन त्यावरच होतं.

उड्डाणं क्रमानेच वापरायची. मधलं एक चुकवलं तर पुढची सगळी रद्द होऊ शकतात. लिस्बनहून मित्राच्या गाडीने पॅरिस गाठायचं ठरलं तर आधी तिकीट बदलून घ्या, नुसतं विमान सोडू नका.

कंपनी अधूनमधून वेळ बदलते आणि तसा ईमेल एजंटकडे जाऊन पडतो. दर दोन आठवड्यांनी प्रत्येक पीएनआर उघडून पाहा. तुम्ही तारीख बदलली तर दोन गोष्टी व्हाव्या लागतात: बुकिंगमध्ये नवं उड्डाण यायला हवं आणि तिकीटही त्यानुसार पुन्हा जारी व्हायला हवं. पहिली होते, दुसरी राहून जाते, आणि काउंटरवर ‘जागा आहे, तिकीट नाही’ असं ऐकायला मिळतं. बदल केल्यावर नवी ई-तिकिट पावती मागा, त्यात नवी तारीख आणि तिकीट क्रमांक दोन्ही आहेत ना ते बघा, आणि मगच फोन ठेवा.