एमजीबीचे इंजिन: उघडावे की नाही, आणि उघडलेच तर कसे बांधावे

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. तिचे 1798 सीसीचे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज इंजिन ओतीव लोखंडाचे, जड आणि सोशिक. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांना त्याचा भाऊबंद चांगला ठाऊक आहे: ॲम्बेसेडरचे 1489 सीसी पेट्रोल इंजिन याच घराण्यातले, स्ट्रोकही तोच, 88.9 मिमी. पिस्टन एकाचे दुसऱ्याला बसत नाहीत, पण त्यावर हात बसलेल्या माणसाला एमजीबीचे इंजिन परके वाटणार नाही.

नुसते किलोमीटर जास्त झाले म्हणून हे इंजिन सहसा संपत नाही. काळे तेल, पाण्याच्या वाटेत साचलेला गाळ, क्लचवर विसावलेला पाय आणि आधी कुणीतरी घाईत उरकलेले काम, ही खरी कारणे. त्यामुळे खोलण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा.

आधी तपासणी

इंजिन पूर्ण गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि स्टार्टरने पाच-सहा फेरे देऊन प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन घ्या. बॅटरी उतरलेली असेल तर आकडे खोटे येतात. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडर सारखे आहेत का, हे महत्त्वाचे. एखादा दहा टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग आणि बोअर झिजले आहेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गास्केट. शेजारशेजारचे दोन एकदम खाली असतील तर त्यांच्यामधले हेड गास्केट फुटल्याचा संशय घ्या.

धूरही बोलतो. वेगात असताना ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड आणि सील. चढावर जोर लावताना येत राहिला तर रिंग.

तेलाचा दाब गरम इंजिनाला, धावताना 50 ते 80 पीएसआय आणि आयडलला 10 ते 25 हवा. कमी असेल तर लगेच बेअरिंगला दोष देऊ नका. आधी खात्रीचा मेकॅनिकल गेज लावून पाहा. मग ब्लॉकच्या डाव्या बाजूला, मागे असलेला रिलीफ व्हॉल्व्ह उघडा. त्यात कचरा अडकला किंवा स्प्रिंग बसली तर दाब पडतो, आणि ती दुरुस्ती इंजिन न उतरवता होते.

शेवटची तपासणी बरेच जण विसरतात. एकाला क्लच दाबायला सांगा आणि समोरची क्रँक पुली पाहा. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली तर थ्रस्ट वॉशर, म्हणजे क्रँकला मागेपुढे सरकू न देणारे वॉशर, गेले. एमजीबीचे क्लच रिलीज बेअरिंग कार्बनचे असते; सिग्नलला क्लच दाबून थांबायची सवय त्या बेअरिंगला आणि थ्रस्ट वॉशरला दोघांनाही खाते. वॉशर पार झिजून खाली पडले तर क्रँक थेट ब्लॉकवर घासते. असे दिसल्यावर गाडी चालवू नका.

खोलताना

पुशरॉड, टॅपेट, मेन कॅप, कनेक्टिंग रॉड, सगळ्यांवर क्रमांक घाला आणि त्याच क्रमाने ठेवा. कॅप ज्या जागेची असेल त्याच जागी, त्याच दिशेने परत बसली पाहिजे.

ब्लॉक उघडा झाल्यावर कोअर प्लग (पाण्याच्या वाटेवरची झाकणे) ठोकून काढा. मागे, चौथ्या सिलिंडरभोवती गंज आणि गाळाचा घट्ट थर सापडतो. रेडिएटर बदलूनही गरम होणाऱ्या कित्येक गाड्यांचे दुखणे तिथेच असते. तेलाच्या गॅलरीचे प्लगही काढा आणि आत ब्रश फिरवा. क्रँकमधली तेलाची छिद्रे लेथवाल्याकडून परत आल्यावर पुन्हा स्वतः धुवा. ग्राइंडिंगची भुकटी तिथे राहिली तर नवी बेअरिंग पहिल्या काही किलोमीटरमध्येच ओरखडतात. तेलाच्या कूलरचेही तसेच. जुनी बेअरिंग फुटली असेल तर तिचा चुरा कूलरमध्ये दडून बसतो आणि धुऊन पूर्ण निघेल याचा भरवसा नसतो. आमच्या मते अशा वेळी कूलर नवाच घ्यावा.

मोजमाप आणि मशीनिंग

मूळ बोअर 80.26 मिमी. वरच्या कडेखाली, मध्ये आणि तळाशी, दोन्ही दिशांनी मोजा. वर-खाली फरक 0.15 मिमीच्या पुढे गेला असेल तर नुसत्या नव्या रिंगांनी भागणार नाही. पिस्टन 0.020, 0.030, 0.040 इंच ओव्हरसाइझमध्ये मिळतात. 0.060 चेही मिळतात, त्यात इंजिन 1868 सीसीचे होते. पण ब्लॉकची भिंत पुरेशी जाड आहे हे आधी तपासून घ्या. पिस्टन हातात आल्यावरच बोअरिंगला द्या. लेथवाल्याने त्या पिस्टनला मोजून बोअर करायचा असतो.

क्रँकला आधी तडे तपासा, मग ग्राइंड करा. चारही क्रँकपिन एकाच अंडरसाइझला न्या. जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) कडेची गोलाई कायम राहिली पाहिजे; ती काटकोनी झाली की क्रँक तिथूनच तुटते. 1964 च्या शेवटापर्यंतच्या इंजिनांना तीन मेन बेअरिंग होती, त्यानंतर पाच. सुटे भाग मागवताना इंजिन क्रमांक द्या, गाडीचे साल पुरेसे नाही.

हेडला एक्झॉस्ट सीटच्या आसपास, विशेषतः मधल्या दोन सिलिंडरांत, तडे जातात. फेसिंगवर पैसे घालण्याआधी तपासून घ्या. शिसे नसलेल्या पेट्रोलसाठी एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या, नाहीतर जोरात चालवल्यावर सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसतो आणि टॅपेटची फट बुजते.

नव्या कॅमशाफ्टसोबत टॅपेट नवीच घ्या, आणि चांगल्या दर्जाची. जुन्या टॅपेटवर नवा कॅम घातला तर त्याचे लोब काही तासांत झिजू शकतात. दुहेरीऐवजी एकेरी टायमिंग चेन असलेल्या नंतरच्या इंजिनांना दुहेरी चेन बसवता येते. त्यासाठी पुढच्या प्लेटचे खालचे दोन बोल्ट बदलून सपाट डोक्याचे स्क्रू घालावे लागतात, नाहीतर स्प्रॉकेट त्यांना घासते.

बांधणी

थ्रस्ट वॉशर मधल्या मेन बेअरिंगला बसतात आणि त्यांच्या तेलाच्या खाचा क्रँककडे हव्यात. उलटे बसवले तर सगळे काम वाया. मेन कॅप 70 पौंड-फूट, म्हणजे 95 न्यूटन-मीटर. प्रत्येक कॅप कसल्यावर क्रँक हाताने फिरवा. जिथे जड झाली तिथेच थांबून कारण शोधा. डायल गेजवर एंडफ्लोट, म्हणजे क्रँकची मागेपुढे हालचाल, 0.10 ते 0.13 मिमी आला पाहिजे. बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (दाबून फट मोजायच्या मऊ तारेने) 0.025 ते 0.068 मिमीच्या आत बघा. बिगएंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा) टॉर्क फास्टनरप्रमाणे बदलतो: लॉकटॅबवाले बोल्ट 35 ते 40 पौंड-फूट, नंतरचे बाराकोनी नट 33.

रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून टोकांची फट फीलर गेजने मोजा. फट 0.30 मिमीपेक्षा कमी असेल तर गरम झाल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते.

हेड बसवण्याआधी ब्लॉकवरच्या स्टडच्या भोकांच्या कडा बघा. तिथले लोखंड वर ओढले गेलेले असते, त्यामुळे गास्केट नीट दबत नाही. कड हलकी कापून घ्या. नट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत 45 ते 50 पौंड-फूटपर्यंत कसा.

पहिला स्टार्ट

तेलपंप बसवताना आत व्हॅसलिन भरा, म्हणजे तो पहिल्या फेऱ्यापासून तेल ओढेल. प्लग काढून, गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टर मारा. थांबून थांबून, कारण सलग मारला तर स्टार्टर जळतो. दाब येत नसेल तर इंजिन सुरू करायचा मोह टाळा.

पेट्रोल, इग्निशन टायमिंग, पाणी सगळे आधीच तयार हवे, म्हणजे इंजिन पटकन पेटेल. पेटताच आरपीएम 2000 ते 2500 वर न्या आणि वीस मिनिटे तसेच वरखाली करत ठेवा. आयडलला सोडू नका: कॅमला तेल शिंतोड्यांनी मिळते आणि आयडलला ते पुरत नाही. तेल 20W-50 मिनरल, जस्ताचे प्रमाण चांगले असलेले. हल्लीच्या गाड्यांच्या तेलात ते कमी असते. ही वीस मिनिटे झाल्यावर तेल आणि फिल्टर बदला. पहिले काही शे किलोमीटर एका वेगात रेंगाळू नका. जोर लावा, सोडा, पुन्हा लावा, म्हणजे रिंग बसतात.

800 किमीला तेल पुन्हा बदला, हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा कसा आणि टॅपेटची फट थंड असताना 0.38 मिमीवर लावा. फट मोजताना व्हॉल्व्हच्या क्रमांकांची बेरीज नऊ ठेवा: आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला, सातवा असेल तेव्हा दुसरा.

पुढे दर 5000 किमीला तेल आणि फिल्टर. समोरच्या टॅपेट कव्हरमधली ब्रीदरची जाळी त्याच वेळी साफ करा; ती तुंबली की क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि मागच्या सीलमधून तेल गळू लागते. मग लोक सीलसाठी इंजिन उतरवतात. भारतात चालवत असाल तर इथेनॉलमिश्रित पेट्रोल सोसणारे होज आणि कार्बोरेटरची सीले घाला.