झडपेच्या पाकळीचा शून्य कुठे?

मेकॅनिकलची पदवी घेऊन हृदयाच्या झडपांवर काम करायला आले, तेव्हा हाताला सवय होती ती स्टीलच्या पट्ट्या ओढून बघायची. पहिल्याच दिवशी डुकराच्या हृदयातली महाधमनीची झडप समोर आली. पाकळी एक मिलिमीटरपेक्षा पातळ, ओली, चिमट्यात धरली की दुमडणारी. माणसाच्या हृदयातली अशीच पाकळी दिवसाला सुमारे 1 लाख वेळा उघडते नि मिटते, आणि मिटल्यावर 80 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास दाब पेलते. मला ते पटायला वेळ लागला.

या कामात नव्याने येणाऱ्यांनो, नमुना ओढायचं यंत्र आठवड्याभरात हाती बसतं. खरी मेहनत पडते ती शून्य ठरवायला, म्हणजे मोजणी कुठल्या लांबीपासून सुरू धरायची ते. पाकळीतले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू सैल असताना नागमोडी असतात. ओढायला लागलं की आधी नुसत्या त्या लाटा उलगडतात, बल जवळपास काहीच लागत नाही. तंतू सरळ झाले की लांबी आणि बलाचा आलेख एकदम उभा चढतो. त्या आधीच्या आडव्या भागात तुम्ही मूळ लांबी कुठे धरली, यावर स्ट्रेनचा, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत नमुना किती ताणला याचा, प्रत्येक आकडा ठरतो.

माझं नेमकं इथेच चुकलं. सारख्याच नमुन्यांची उत्तरं जुळेनात, आणि मी कित्येक दिवस दोष ऊतीला देत राहिले. शेवटी वही उलटून पाहिली, तर काही नमुन्यांची लांबी प्रीकंडिशनिंगच्या (मोजण्याआधी नमुना काही वेळा ओढून सोडण्याच्या) आधी घेतलेली, काहींची नंतर. तीन महिन्यांचं काम पुन्हा केलं. फार वाईट वाटलं होतं, पण ही ऊती मला कळली ती त्या दुसऱ्या फेरीत.

दिशेची खूण कापण्याआधीच करा. कोलॅजन मुख्यतः परिघाच्या दिशेने धावतं, म्हणून पाकळी त्या दिशेने ताठ असते आणि त्रिज्येच्या दिशेने कितीतरी जास्त ताणते. चौकोन कापून चुकून फिरवला, की नमुना वाया. दोन्ही दिशांना एकाच वेळी ओढायचं, नमुना 37 अंशांच्या सलाइनमध्ये ठेवायचा, आणि स्ट्रेन मोजायचा तो नमुन्याच्या मधोमध काढलेल्या चार ठिपक्यांवरून. नमुना ज्यांनी धरतो त्या हुकांजवळचा ताण एकसारखा नसतो.

गणितात मोठ्या विरूपणाची (आकार खूप बदलतो तेव्हाची) यंत्रशास्त्रीय मांडणी आधी शिकून घ्या. लहान स्ट्रेनची सूत्रं इथे चालत नाहीत.

ही शून्याची भानगड प्रयोगशाळेपुरती नाही. प्राण्यांच्या ऊतीपासून बनवलेल्या जैविक कृत्रिम झडपांची ऊती ग्लुटाराल्डिहाइड या रसायनात पक्की करतात. ते करताना दाब जास्त ठेवला तर लाटा सपाट होऊनच तंतू पक्के होतात, आणि आलेखातला तो आडवा, मऊ भाग उरत नाही. अशा झडपांना टिकाऊपणाच्या चाचणीत 20 कोटी वेळा उघड-मीट करावी लागते. लाटा गेलेली ऊती वाकताना जास्त ताठ राहते, आणि दर वेळी वाकायचं तर तिलाच असतं.

म्हणून अजूनही प्रत्येक नमुन्याच्या पानावर मी सर्वांत वर एकच ओळ लिहिते: लांबी कधी मोजली, किती बलावर.